‘बरा झाला’ हे कोणी म्हणावे?

मराठीत ‘बरा’ हा शब्द मोठा लवचीक आहे. ज्वर उतरून मनुष्य उठला म्हणजे तो बरा झाला असे आपण म्हणतो. आणि कोणी प्रकृती विचारली असता ‘बरा आहे’ असे जे उत्तर देतो, त्याचा अर्थ पुष्कळदा ‘कसेबसे चालले आहे’ इतकाच असतो. पूर्ण आरोग्य आणि जेमतेम निभाव या दोन्ही गोष्टी या एका शब्दात सामावल्या आहेत. एरव्ही या संदिग्धतेने कोणाचे काही बिघडत नाही. परंतु डोक्यास मार लागून, क्षणभर भान हरपून, पुन्हा शुद्धीवर आलेल्या मनुष्याच्या बाबतीत हीच संदिग्धता घरात कलह उत्पन्न करते. घरची मंडळी पहिल्या अर्थाने म्हणतात, ‘बरा झाला.’ तो स्वतः दुसऱ्या अर्थाने म्हणतो, ‘बरा आहे.’ जखम भरलेली असते, टाके निघालेले असतात, मेंदूचे छायाचित्र निर्दोष आलेले असते, जेवणखाण पूर्ववत सुरू झालेले असते. आणि तरीही आपण पूर्वीचे राहिलो नाही, अशी त्याची तक्रार असते. अशा वेळी कोणाचे म्हणणे प्रमाण मानावे? पाहणाऱ्याचे की भोगणाऱ्याचे? वरवर पाहता हा वैद्यकाचा प्रश्न दिसतो. आम्ही वैद्य नव्हे. परंतु या प्रश्नाचा अर्धा भाग नीतीचा आहे, आणि तो भाग इस्पितळात सुटत नसून घराच्या ओसरीवर सुटतो किंवा चिघळतो, असे आम्हांस दिसून आल्यामुळे सभासद कुटुंबांपुढे तो मांडीत आहोत.

आमच्या भालकी तालुक्यात हा प्रश्न पुस्तकी नव्हे. बिदर, हुमनाबाद, उदगीर या दिशांना जाणाऱ्या रस्त्यांवर दुचाकींची वर्दळ अहोरात्र असते. गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. त्यांतील कित्येकांच्या मागे दिवा नसतो, आणि काळोखात भरधाव येणाऱ्या तरुणास ती उसाची भिंत अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही. याखेरीज जिन्यावरून घसरणे, माळवदावरून पडणे, जुन्या वाड्याच्या ठेंगण्या चौकटीवर कपाळ आपटणे, हे प्रकार आहेतच. मोठे अपघात सर्वांच्या तोंडी होतात. ज्यांत मनुष्य उठून, कपडे झटकून, चालत घरी येतो, त्यांची चर्चा दोन दिवसांत संपते. आमचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा अपघात आहे.

वैद्यक त्यास ‘सौम्य’ आघात म्हणते. हे विशेषण ठरविण्याची रीत समजून घेण्याजोगी आहे. स्कॉटलंडमधील ग्लासगो नगरीत टीसडेल आणि जेनेट या दोन शस्त्रवैद्यांनी 1974 साली एक मोजपट्टी तयार केली. रोगी डोळे कसे उघडतो, बोलतो कसा, हातपाय कसे हलवितो, या तीन गोष्टींना गुण द्यावयाचे. कमीत कमी 3 आणि जास्तीत जास्त 15. ज्यास 13 ते 15 गुण मिळतात, ज्याची शुद्ध गेलीच तर अर्ध्या तासाहून अधिक काळ गेलेली नसते, आणि ज्याचा स्मृतीचा गोंधळ एका दिवसाच्या आत निवळतो, त्याचा आघात सौम्य. पट्टी उत्तम आहे. जगभर तिने असंख्य प्राण वाचविण्यास साहाय्य केले आहे. परंतु ती मोजते काय? पहिल्या काही तासांत जिवास किती धोका आहे, हे ती मोजते. पुढील सहा महिन्यांत हा मनुष्य दुकानाचा हिशेब कसा लिहील, हे सांगण्यासाठी ती केलेलीच नाही. तथापि डॉक्टरांच्या मुखातून निघालेला ‘सौम्य’ हा शब्द गावी पोहोचेपर्यंत ‘काहीच झालेले नाही’ असा होऊन जातो. (येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. मार कितीही किरकोळ वाटला तरी पहिल्या एकदोन दिवसांत वारंवार वांती होणे, डोकेदुखी वाढत जाणे, गुंगी येणे, झटका येणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही घडल्यास उजाडण्याची वाट न पाहता इस्पितळ गाठावे.)

आत घडते तरी काय? विरजण लावून ठेवलेल्या भांड्यास जोराचा धक्का लागला तर भांड्यास चीर जात नाही, पण आतले दही मोडते. कवटी म्हणजे ते भांडे. मेंदू हा मऊ पदार्थ असून त्यात अतिसूक्ष्म तंतूंचे जाळे आहे. डोके एकाएकी थांबले किंवा गर्रकन फिरले म्हणजे हे तंतू ताणले जातात. ताणलेल्या तंतूंत क्षारांची उलथापालथ होते, ती सावरण्यासाठी मेंदूच्या पेशींना अधिक शक्ती खर्च करावी लागते, आणि नेमक्या त्याच काळात शक्तीचा पुरवठा उणा पडतो. म्हणून मनुष्य थकतो. श्रमाने थकावे तसा नव्हे, विचाराने थकतो. सी. टी. स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, हाड मोडलेले दिसते. हा ताण बहुधा दिसत नाही. ओपनहायमर या इंग्रज शास्त्रज्ञाने 1968 साली डोक्यास मार लागलेल्या मृत व्यक्तींचे मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली तपासून पाहिले. त्यांत आघात किरकोळ असून मृत्यू अन्य कारणाने आलेलेही काही होते. आणि त्यांच्याही मेंदूत तुटलेल्या तंतूंच्या खुणा आढळल्या. छायाचित्र निर्दोष आहे याचा अर्थ त्या यंत्रास काही दिसले नाही इतकाच घ्यावयाचा असतो. आपण त्याचा अर्थ फार पुढे नेतो.

आमच्या भाऊबंदांत एक चुलत बंधू आहेत. आम्ही त्यांस दादा म्हणतो. स्कूटरवरून पडले, पाचएक मिनिटे शुद्ध नव्हती, दुसऱ्या दिवशी घरी आले. पौरोहित्य हाच त्यांचा व्यवसाय. आठवड्याभरात ते पुन्हा कामास लागले, आणि तेव्हा जे आमच्या दृष्टीस पडले त्यामुळेच आम्ही या विषयाकडे वळलो. वयाच्या आठव्या वर्षी संथा घेऊन पाठ केलेला रुद्र त्यांनी पूर्वीसारखाच स्वच्छ म्हटला. एक स्वर ढळला नाही. परंतु त्याआधीचा संकल्प सांगताना ते अडले. वाचकांस ठाऊकच आहे की संकल्पाचा साचा नेहमीचा, पण त्यात भरावयाचे शब्द रोज निराळे: संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र, शिवाय यजमानाचे गोत्र व नाव, आणि आज काय निमित्ताने पूजा आहे ते. साचा त्यांच्या जिभेवर होता, आजचा मजकूर मात्र निसटत होता. यजमानांनी नुकतेच सांगितलेले गोत्र ताम्हनात पळी ठेवीपर्यंत नाहीसे होई. एकादशिनीची अकरा आवर्तने मोजताना सातवे झाले की आठवे, हे त्यांस कळेना. मागे मुले गोंगाट करू लागली, कोणी भांडे आपटले, कोणी कन्नडमध्ये काही विचारले आणि कोणी मराठीत, की त्यांच्या कपाळावर घाम येई. या आपल्या गावात घरी मराठी, कचेरीत कन्नड आणि बाजारात दखनी असे तीन गल्ले मनुष्य सहज सांभाळीत असतो. हे सांभाळणे हेही काम आहे, आणि त्यासही शक्ती लागते, हे ती उणी पडेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

लोकांस हे विपरीत वाटले. एवढा मोठा रुद्र तोंडपाठ म्हणतो आणि तिथी विसरतो, हे कसे? काही जण आळस म्हणाले, काही जण दक्षिणेची कुरकुर म्हणाले, आणि एका वृद्ध गृहस्थांनी ‘सोंग’ हा शब्द वापरला. त्यांचा दोष होता असे आम्ही म्हणत नाही. स्मृती म्हणजे एक कोठार, त्यातून काही गेले तर जुने आधी जावे, अशी आपणां सर्वांची समजूत असते. प्रत्यक्षात खोल रुजलेले बहुधा टिकते. नवे धरून ठेवणे आणि धरून ठेवीत असतानाच दुसरे काही करणे, हे बिघडते.

ही गोष्ट मोजताही येते. न्यूझीलंडमधील ऑकलंड येथे डोरोथी ग्रॉनवॉल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि राइटसन या शस्त्रवैद्यांनी 1974 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांची परीक्षा ऐकण्यास पोरखेळ वाटते. ध्वनिफितीवरून ठराविक गतीने एकेक अंक ऐकावयाचा, आणि प्रत्येक नव्या अंकात फक्त त्याच्या लगतचा आधीचा अंक मिळवून उत्तर सांगावयाचे. तीन, पाच, उत्तर आठ. मग चार, उत्तर नऊ, कारण चार पाचात मिळवावयाचे, आठात नव्हे. मग सात, उत्तर अकरा. वाचकांनी घरी कोणास तरी भराभर अंक म्हणावयास सांगून हा प्रयोग करून पाहावा. धडधाकट मनुष्याचीही कशी त्रेधा उडते ते कळेल. ज्यांच्या डोक्यास नुकताच मार बसला होता, त्यांस बेरीज येत नव्हती असे नव्हे. अंकांच्या त्या गतीशी त्यांस जुळवून घेता येत नव्हते. बहुतेकांची ही गती काही आठवड्यांत परत आली, काहींस अधिक काळ लागला, आणि गती परत येत गेली तशा त्यांच्या तक्रारीही मावळत गेल्या. दादांचा संकल्प म्हणजे या परीक्षेचेच एक रूप होते, फरक इतकाच की ती परीक्षा यजमान, सुवासिनी आणि आप्तेष्ट यांच्या समक्ष द्यावी लागत होती.

आता संशयाची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे, कारण ती केवळ अडाण्यांची नाही. इंग्लंडमध्ये हेन्री मिलर या नामांकित मेंदूतज्ज्ञांनी 1961 साली व्याख्याने देऊन असे प्रतिपादन केले की, किरकोळ मारानंतर दीर्घकाळ तक्रारी सांगणाऱ्या पुष्कळांचे दुखणे नुकसानभरपाईच्या दाव्याशी बांधलेले असते, आणि दावा निकालात निघाला की ते कामावर रुजू होतात. पुढच्याच वर्षी, 1962 साली, चार्ल्स सिमंड्स या तितक्याच अधिकारी तज्ज्ञांनी याच्या उलट सूर लावला. आघात कितीही हलका असो, त्याचे परिणाम कधी तरी पूर्णपणे पुसले जातात काय, याविषयीच त्यांनी शंका प्रकट केली. दोघेही विद्वान, दोघांनीही शेकडो रोगी पाहिलेले. एकास त्यांत लबाडीची छाया दिसली, दुसऱ्यास न दिसणारी इजा दिसली.

साठ वर्षांनंतर या वादाकडे पाहता आम्हांस असे वाटते की मिलर यांनी पाहिलेली माणसे खरी होती, पण त्यांवरून बांधलेला नियम फार रुंद होता. मोटार अपघाताच्या दाव्यांत वाढवून सांगणारे आपल्याकडेही असतील. शिवाय चिंता, निद्रानाश, पैशाची ओढाताण आणि कोर्टाच्या खेपा यांनी डोकेदुखी लांबते, हेही खरे. पण लांबलेली डोकेदुखी म्हणजे खोटी डोकेदुखी नव्हे. अमेरिकेतील मोठ्या इस्पितळांत हजारांहून अधिक सौम्य आघाताच्या रोग्यांचा वर्षभर मागोवा घेऊन 2019 साली जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात वर्ष उलटल्यावरही शेकडा 53 जणांनी दैनंदिन जीवनात काही ना काही उणीव राहिल्याचे सांगितले. तुलनेसाठी ज्यांचे डोके वाचून केवळ हातपाय वगैरे दुखावले होते असेही लोक घेतले होते. त्यांच्यातील हे प्रमाण शेकडा 38 होते. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. पहिला सांगतो की ही तक्रार विरळा नाही. दुसरा सांगतो की कोणताही अपघात मनुष्याचे आयुष्य हलवून सोडतो, आणि प्रत्येक उणिवेचे खापर मेंदूवर फोडता येत नाही. हे सर्व लोक इस्पितळापर्यंत आलेले होते, हेही विसरू नये. जे पडले, उठले आणि कोठेच गेले नाहीत, ते या हिशेबात नाहीत. डोक्यास मार लागलेल्या बहुतेकांची बुद्धी आठवड्यांत, फार तर दोनतीन महिन्यांत ताळ्यावर येते. ज्यांची येत नाही त्यांस ‘बहुतेकांची येते’ हे वाक्य ऐकवून काय साधते, ते आम्हांस उमगलेले नाही.

आणखी एक बारकावा आहे, तो रोग्याच्या बाजूचा. अपघातानंतर मनुष्य आपल्या पूर्वीच्या बुद्धीविषयी थोडे अधिकच चांगले बोलू लागतो. किल्ली कोठे ठेवली हे पूर्वीही तो विसरत असे. आता प्रत्येक विसरलेली किल्ली त्यास अपघाताची साक्ष वाटते. हे मनुष्यस्वभावास धरून आहे. घरच्यांनी त्यास थट्टेने नव्हे, पण सौम्यपणे ‘हे तर तुमचे आधीपासूनचेच’ असे सांगण्यास हरकत नाही. दादांच्या वहिनींनी हे काम फार चांगले केले.

या ठिकाणी कोणी म्हणेल, देवस्थानाच्या पत्रकात हे वैद्यकाचे पुराण कशासाठी? त्याचे कारण असे की, अशा घरी समाचारास जाणारे आपण लोक बहुधा तत्त्वज्ञान घेऊन जातो. कोणी ‘प्रारब्धाचा भोग’ म्हणतो. कोणी सांगतो, आत्म्यास काही झालेले नाही, मग शोक कशाचा? हा उपदेश असत्य आहे असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. पण ज्याचे डोके दुखत नाही त्याने, ज्याचे दुखते आहे त्यास, चहा पीत पीत तो करावा, हे आम्हांस शोभत नाहीसे वाटते. आपल्या शास्त्रकारांनी मन, बुद्धी, चित्त व अहंकार यांस अंतःकरण म्हटले. करण म्हणजे साधन. कठोपनिषदात देहास रथाची, बुद्धीस सारथ्याची आणि मनास लगामाची उपमा दिली आहे, आणि रथात बसलेला स्वामी या सर्वांहून निराळा सांगितला आहे. हा विचार खरा तर रोग्याने ऐकावयाचा नसून आपण ऐकावयाचा आहे. कारण सारथ्यास इजा झाली म्हणून स्वामीची किंमत उतरली असे आपणच वागतो. तल्लख, चलाख, हजरजबाबी ही आपली मानाची विशेषणे सारी वेगाची आहेत. ज्याचे उत्तर दोन क्षण उशिरा येते, त्याच्याकडे पाहण्याची आपली नजर बदलते. त्याच्याशी बोलताना आपण आवाज चढवितो, जणू तो बहिरा झाला आहे. त्याच्या देखत त्याच्याविषयी त्याच्या पत्नीस विचारतो. सारथी दुखावला असता रथ सावकाश हाकावा लागतो, इतका व्यावहारिक अर्थ त्या दृष्टांतातून घेतला तरी पुष्कळ होईल.

मात्र यातून एक अवघड प्रश्न निघतो, त्यास बगल देणे योग्य होणार नाही. अशा आघातानंतर काहींचा स्वभाव चिडखोर होतो. उजेड सहन होत नाही, आवाज सहन होत नाही, झोप लागत नाही, आणि याचा ताप सर्वांत जवळच्या माणसावर निघतो. बायको म्हणते, हे माझे पूर्वीचे यजमान नव्हेत. मग रागाचा दोष मनुष्याचा की आघाताचा? आमचे मत असे की, राग उसळणे हा आघाताचा भाग असू शकतो आणि तेवढा घराने सोसावा. पण हात उगारण्यास ती सबब आम्ही मान्य करीत नाही. त्या क्षणी उठून बाहेर अंगणात जाणे बहुतेकांच्या हाती उरलेले असते. आणि ज्याच्या हाती तेही उरलेले नाही त्याने व त्याच्या घरच्यांनी तज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे; तेथे पत्नीच्या सहनशीलतेची स्तुती करून भागत नाही.

क्रिकेटच्या इतिहासातील दोन प्रसंग या विषयावर चांगला प्रकाश टाकतात. 1962 च्या मार्च महिन्यात वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर बार्बाडोस येथे भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळला. कवटीस भंग झाला, शस्त्रक्रिया करावी लागली, कित्येक दिवस शुद्ध नव्हती. तेव्हा प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनी आपले रक्त दिले. आपल्या संघातील पुण्याचे चंदू बोर्डे, नाशिकचे बापू नाडकर्णी आणि सोलापुरात जन्मलेले पॉली उम्रीगर यांनीही दिले. हा सौम्य आघात नव्हता. तो भयंकर होता. कॉन्ट्रॅक्टर पुढे प्रथम श्रेणीचे सामने पुन्हा खेळले, कसोटी मात्र पुन्हा त्यांच्या वाट्यास आली नाही. रक्त वाहत असते तेव्हा काय द्यावयाचे हे शत्रूसही कळते.

दुसरा प्रसंग 2021 च्या ऑगस्टमधील. आपल्या कर्नाटकाचे मयंक अगरवाल इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम येथे सराव करीत असता मोहम्मद सिराज यांचा उसळता चेंडू त्यांच्या शिरस्त्राणावर बसला. ते चालत होते, बोलत होते, कोठे रक्त नव्हते. तरीही मेंदूस धक्का बसल्याची लक्षणे दिसताच त्यांस पहिल्या कसोटीतून वगळण्यात आले. कोणी त्यांस भित्रा म्हटले नाही, सोंगही म्हटले नाही. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईच्या वानखेडे मैदानावर न्यूझीलंडविरुद्ध त्यांनी 150 आणि 62 धावा केल्या. क्रिकेटने 2019 पासून असा नियमच केला आहे की, डोक्यास मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा पूर्ण खेळाडू घेता येतो. यामागे दया नाही, हिशेब आहे: पहिला धक्का निवळण्यापूर्वी दुसरा बसला तर हानी फार मोठी होते.

खेळाडूच्या जागी बदली येतो. शिंप्याच्या जागी कोण येतो? किराणा दुकानाच्या गल्ल्यावर, शाळेच्या फळ्यापुढे, ट्रॅक्टरच्या बैठकीवर कोण येतो? आणि घरच्या सुनेच्या जागी? न्हाणीघरात पाय घसरून तिचे डोके आपटले, तर संध्याकाळच्या भाकऱ्या बहुधा तिच्याच हातच्या असतात. तिची शुद्ध दोन मिनिटे गेली होती हे दुसऱ्या दिवशी कोणाच्या ध्यानातही नसते. महिन्याभराने दूध उतू जाते, मीठ दोनदा पडते, धाकट्याच्या शाळेचा निरोप विसरला जातो, आणि ‘हिचे हल्ली लक्ष नसते’ असा शेरा बसतो. पुरुषाच्या बाबतीत निदान धंद्याचे नुकसान होते म्हणून चौकशी होते. स्त्रीच्या बाबतीत तिचे नुकसान तिच्याच स्वभावाच्या खाती जमा होते. आमच्या मते या संपूर्ण विषयात सर्वांत अधिक अन्याय कोठे होत असेल तर तो येथे होतो.

उपचाराविषयी आपल्याकडे दोन टोके आहेत, आणि दोन्ही चुकीची. एक, तिसऱ्या दिवशी ‘ऊठ, कामाला लाग, कामाने बरे वाटेल.’ दुसरे, दोन महिने अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवणे. क्रीडावैद्यकातील जगभरचे तज्ज्ञ 2022 साली ॲमस्टरडॅम येथे जमले, त्यांनी असे ठरविले की पहिले 24 ते 48 तास विश्रांती, तीही सर्वस्वी पडून राहण्याची नव्हे. नंतर चालणे व हलकी कामे, आणि लक्षणे फार वाढणार नाहीत अशा बेताने पायरीपायरीने वाढ. घरगुती भाषेत सांगावयाचे तर, जेथे डोके जड होऊ लागते तेथे थांबावे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेथपर्यंत जाऊन पाहावे. हे घरातील एक मनुष्य बाजूस राहून मोजू लागला तरच साधते. ज्याचे डोके थकलेले आहे त्यास आपण थकलो हे उशिरा कळते. शिरस्त्राणाविषयी वेगळे काय सांगावे? कर्नाटकात 2016 पासून मागे बसणारासही ते सक्तीचे आहे. ते कवटी वाचविते आणि प्राण वाचविते. आतला धक्का ते कमी करते, पण नाहीसा करू शकत नाही. म्हणून शिरस्त्राण घातले होते एवढ्यावरून ‘त्याला काही झाले नसणार’ असे धरून चालू नये.

ज्यांची बुद्धी महिने लोटूनही पूर्ववत होत नाही, त्यांच्यासाठीही मार्ग आहे, आणि तो आपल्याच राज्यात शोधला गेला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेत शोबिनी राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यास इजा झालेल्यांचे अवधान पुन्हा घडविण्याच्या पद्धती तयार केल्या. 1999 साली त्यावरील लेखही प्रसिद्ध झाला. त्यांनी ज्या कृती योजल्या त्यांत परदेशी यंत्रांचा बडिवार नव्हता. कागदावरील अक्षरांच्या गर्दीतून एकच अक्षर शोधून खोडणे, आकृतीत रंग भरणे, आणि मिसळलेली धान्ये वेगवेगळी निवडणे, अशा त्या कृती होत्या. रोज ठराविक वेळ, घड्याळ लावून, चुका मोजीत, हळूहळू काठिण्य वाढवीत जावयाचे. अर्थात कोणती कृती केव्हा आणि किती, हे तेथील जाणत्यांस विचारूनच ठरवावे.

आमच्या घरी हा प्रकार सुरू झाला तेव्हा प्रथम मोठी करमणूक झाली. चाळिशीचे भटजी मांडी घालून, पुढे सूप घेऊन, ज्वारीतून मूग आणि मुगातून मटकी वेगळी करीत बसले आहेत, हे दृश्य पाहण्यास शेजारच्या बायका मुद्दाम येऊन गेल्या. आजीने तर निवडलेले धान्य पुन्हा एकत्र ओतताना पाहून कपाळास हात लावला. पहिल्या दिवशी एक वाटी निवडण्यास बराच वेळ लागला आणि चुकाही पुष्कळ झाल्या. पुढे वेळ कमी होत गेला; मग शेजारी रेडिओ लावून, मग कोणी बोलत असताना, असे करीत करीत तीन महिने गेले. दादा अजूनही तिथी व यजमानाचे गोत्र एका चिठ्ठीवर लिहून ताम्हनाखाली ठेवतात. अकरा आवर्तनांसाठी अकरा सुपाऱ्या मांडतात आणि प्रत्येक आवर्तनास एक बाजूस सरकवितात. दोन लग्नघरांनी यावरून नाक मुरडले आणि दुसरे भटजी बोलाविले. बाकीच्या घरी त्यांची पूजा पूर्वीपेक्षा पाव तास अधिक चालते, आणि संकल्पात यजमानाचे नाव चुकत नाही.